अनुसयाताईंचं इंग्रजी

अनुसयाताईंचा चेहरा परभणीत फार थोड्या लोकांना माहीत होता. आवाज मात्र साऱ्या शहराच्या ओळखीचा. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. टेलिफोन एक्सचेंजला नंबर सांगायचा, फोन खाली ठेवायचा आणि वाट बघायची. कधी अर्धा तास, कधी अर्धा दिवस. मग घंटी वाजायची आणि एक किंचित घोगरा, अजिबात घाई नसलेला आवाज म्हणायचा, “बोला, तुमची मुंबई आली.” जणू मुंबई कुणी पाहुणी आहे आणि दारात चपला काढून उभी आहे.

एकदा मी त्यांच्याबरोबर कापडाच्या दुकानात गेले होते. दुकानदार गिऱ्हाइकांत बुडालेला, आमच्याकडे बघेना. ताईंनी नेहमीच्या आवाजात म्हटलं, “ते निळं दाखवा.” एवढेच तीन शब्द. दुकानदाराचा हात थानावर तसाच थांबला. त्यानं वर पाहिलं आणि चक्क उठून उभा राहिला.

“बाई, तुमी? एक्सचेंजवरच्या?”

ताईंनी मान हलवली. त्यानं चहा मागवला, निळं कापड दाखवलं, नको असलेली चार थानंही उलगडली. त्याच्या वागण्यात आदर होता आणि त्याच्या आत कुठंतरी भीतीही होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आपलं काय काय या बाईनं ऐकलं असेल, हे तो मनातल्या मनात आठवत असणार. ताईंनी आयुष्यभर लोकांचं ऐकलं. ठरलेली लग्नं मोडताना ऐकली, माणूस गेल्याची बातमी घरच्यांच्या आधी ऐकली. पण दुपारी ऐकलेलं संध्याकाळी त्यांच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही. “वायर कुठं सांगत फिरती का?” असं म्हणायच्या.

मी जिंतूरहून परभणीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आले, तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराची चर्चा वर्तमानपत्रातून आमच्या वर्गापर्यंत यायला लागलेली होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते, घर सोडून पहिल्यांदाच राहत होते, आणि माझं सगळं लक्ष नव्या वह्यांच्या वासात आणि नव्या गावाच्या उन्हात होतं. वडिलांच्या ओळखीच्या रझियाखाला होत्या, त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. एक मला मिळाली. दुसरीत अनुसयाताई आधीपासून राहत होत्या. दोन्ही खोल्यांमधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. वर हातभर फट होती, आणि त्या फटीतून पहिल्याच पहाटे मला कुणीतरी पुटपुटताना ऐकू आलं. मला वाटलं, पूजा चालली आहे. कान देऊन ऐकलं तर आवाज म्हणत होता, “थ्री मिनिट्स ओव्हर, सर. शॅल आय एक्स्टेंड?” पुन्हा थोड्या वेळानं, “होल्ड द लाइन, प्लीज.” मग कंगवा ठेवल्याचा आवाज, मग पुन्हा, “नो रिप्लाय, सर. नो रिप्लाय.”

अजूनही पहाटे अर्धवट जाग आली की मला ते ऐकू येतं. खोलीत निळसर उजेड, बाहेर खालांच्या कोंबड्या, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी कुणालातरी इंग्रजीत थांबायला सांगतंय.

सकाळी ओट्यावर त्यांची भेट झाली. सावळ्या, उंच, घट्ट अंबाडा, पांढऱ्या साडीला बारीक जांभळा काठ. त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं. मी विमल, जिंतूरची, असं सांगितल्यावर त्यांनी आपलं गाव सांगितलं. ते माझ्या मामाचं गाव निघालं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं आता नवी माणसं नांदत आहेत.

“मग तर तू माझ्या गावची भाची झालीस, इमल,” त्या म्हणाल्या.

दर उन्हाळ्यात मी मामाच्या गावी महिना महिना राहिलेली होते. पण त्यांचं घर कुठं, हे मला विचारावं लागलं. ओढ्यापलीकडं, बौद्धवाड्यात, असं त्यांनी सांगितलं. ओढा मला माहीत होता. त्याच्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. त्या हसल्या. “जायचं कशाला? तिकडं आंब्याची झाडं न्हाईत.”

त्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. मॅट्रिक झाल्याबरोबर एक्सचेंजवर लागल्या होत्या. गावात म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. दहा वर्षं नोकरी झाल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की आता इंग्रजी नीट शिकायचं, आणि त्यासाठी त्यांनी कॉलेजात नाव घातलं. माझ्याच वर्गात. सकाळी आम्ही दोघी कॉलेजला जायचो, दुपारी त्या ड्यूटीवर. वर्गात त्या शेवटच्या बाकावर बसत. पहिल्या दिवशी काही पोरं त्यांना प्राध्यापक समजून उभी राहिली होती. ताईंनी त्यांना हातानं बसायची खूण केली आणि स्वतः मागं जाऊन बसल्या.

त्यांना इंग्रजी येत होतं आणि येत नव्हतं. दहा वर्षं कानात इंग्रजी पडलेलं, पण तुकड्या-तुकड्यांनी. कुणी व्यापारी बोलतोय, कुणी साहेब रागावतोय, कुणी मद्रासचा माणूस आपल्या बायकोची समजूत घालतोय. एखादा शब्द आवडला की त्या तो डेट कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहून ठेवत. ऐकला तसा, मराठीत. अशी शेकडो पानं त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होती. मी आल्यावर आम्ही रविवारी ती पानं ओट्यावर पसरून बसायला लागलो. मी माझी जाडी डिक्शनरी आणायची आणि त्या एकेक पान पुढं करायच्या.

“हे बघ. ‘ॲजमॅटरफॅक’. मानवतचे एक कापसाचे व्यापारी हायत, खोटं बोलायच्या आधी हमेशा हे म्हणतेत.”

मी डिक्शनरीत शोधायची. सापडायचं नाही. मग आम्ही तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचो, हळू, जोरात, लांबवून, आणि अचानक त्याचे तुकडे व्हायचे, ‘ॲज अ मॅटर ऑफ फॅक्ट’, प्रत्येक तुकडा ओळखीचा निघायचा. त्या वेळी ताईंच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पुढं कुठल्याही वर्गात पाहिलं नाही, आणि मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे.

पुस्तकातला नवा शब्द मात्र त्या पेटीत ठेवत नसत. तो कुणाच्या तोंडून ऐकला पाहिजे, ही त्यांची अट होती. एकदा ‘मेलन्कली’ हा शब्द धड्यात आला. मी म्हटलं, लिहून घ्या, चांगला आहे. त्या म्हणाल्या, “कुणी बोललं की मग घेऊ.” दीडेक महिन्यानं एका दुपारी कुणीतरी खरंच बोललं. त्या ड्यूटीवरून आल्या त्या थेट माझ्या दाराशी. “इमल, मेलन्कली आला. एक म्हातारे डॉक्टर पुण्याला लेकीशी बोलत व्हते.” एवढंच. डॉक्टर कोण, मेलन्कली कशाबद्दल, ते नाही सांगितलं.

त्यांची एक मैत्रीण होती, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हैदराबादच्या बोर्डवरची ऑपरेटर, मिस सॅम्युअल. दुपारी दोन-अडीचला, सगळी गावं जेवून लवंडलेली असताना, तारा रिकाम्या असत. तेव्हा या दोघी लाइन तपासायच्या निमित्तानं बोलायच्या. मिस सॅम्युअल म्हणायची, “अनु, खिडकीतून काय दिसतंय, इंग्रजीत सांग.” आणि ताई सांगायच्या. एक लिंब. दोन शेळ्या. एक माणूस झोपलेला. मग मिस सॅम्युअल तिच्या खिडकीतलं सांगायची. एक मशीद, भरपूर कबुतरं, एक मुलगी पतंगाचा मांजा गुंडाळणारी. कुठं शब्द अडला की दोघी दखनी उर्दूत उतरायच्या, अडलेलं सोडवायच्या आणि पुन्हा इंग्रजीत चढायच्या.

“ती दिसायला कशी असेल?” मी एकदा विचारलं.

ताईंनी थोडा विचार केला. “जाड असेल,” त्या म्हणाल्या. “हसली की खुर्ची वाजती.”

मला ती दोन खिडक्यांची गोष्ट फार आवडायची. मी कॉलेजातून येताना रस्त्याकडेच्या तारांकडे बघत यायची. उन्हात चकाकणाऱ्या त्या तारांतून आत्ता या क्षणाला दोन शेळ्या हैदराबादला चालल्या असतील आणि तिकडची कबुतरं इकडं येत असतील, असं मनात यायचं. खांबाला कान लावला तर गुणगुण ऐकू येते, हे मला ताईंनीच दाखवलं होतं. वारा असतो तो, त्या म्हणाल्या होत्या. पण मला तो वारा वाटला नाही.

जुलैत इंग्रजीच्या सरांनी एकेकाला उभं करून प्रश्न विचारायला सुरुवात केली. व्हॉट इज युवर हॉबी? आम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं उत्तर दिलं. रीडिंग, सर. गार्डनिंग, सर. जिंतूरच्या एका पोरानं तर स्टॅम्प कलेक्शन सांगितलं. त्याच्या घरी वर्षातून दोन पत्रं येत असतील. शेवटी सर मागच्या बाकापर्यंत आले. ताई उभ्या राहिल्या.

“माय हॉबी इज लिसनिंग, सर.”

वर्गात खसखस पिकली. सरांनी विचारलं, “लिसनिंग टु म्युझिक? रेडिओ?”

“नो, सर. टु पीपल.”

आणखी हशा. सर हसले नाहीत. ते टेबलापाशी परत गेले, खडू उचलला, ठेवला आणि म्हणाले, “सिट डाउन. व्हेरी गुड.” मग काहीतरी आठवल्यासारखे खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या घरीही फोन असावा.

त्यानंतर दोनच आठवड्यांत नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाडा पेटला. ‘पेटला’ हा शब्द मी सवयीनं लिहिला, पण तेव्हा तो नुसता शब्द राहिला नव्हता. कॉलेजात दोन गट पडले. आमच्या वर्गातली काही पोरं मोर्चात गेली, काही पोरं यायची बंद झाली. एसटी बंद, मग दुकानं बंद. ताई मात्र रोज ड्यूटीवर जायच्या, कारण लोकांचे फोन वाढले होते.

त्या दिवशी जे झालं ते त्यांनी मला सलग कधी सांगितलं नाही. पुढं कित्येक महिन्यांत, कधी भाजी निवडताना, कधी कॉलेजच्या वाटेवर, थोडं थोडं सांगितलं. मी ते जोडून ठेवलं आहे.

दुपारचे चार वाजले होते. त्यांच्या गावच्या पोस्टातून फोन आला. गावात तो एकच फोन. पोस्टाचं काम बघणारे मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, “बाई, लोक ओढ्याकडं निघालेत. रॉकेलचे डबे हायत संगं. कुणाला तरी सांगा.” ताईंनी काही विचारायच्या आत मास्तर फोन तसाच टाकून धावत गेले. रिसीव्हर लोंबकळत राहिला. लाइन उघडीच.

ताईंनी पोलिसांचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. त्या दिवशी चहूकडून बोलावणी होती. माणसं बाहेर गेलेली होती. पुन्हा लावला. नो रिप्लाय. जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी त्या वेळी मुंबईशी बोलत होते, हे ताईंना ठाऊक होतं, कारण तो कॉल त्यांनीच दहा मिनिटांपूर्वी जोडून दिला होता. चालू कॉलमध्ये ऑपरेटरनं बोलायचं नाही, तेही अशा माणसाच्या, हा नियम त्यांनी दहा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. त्यांनी कळ दाबली.

“एक्सक्यूज मी, सर. धिस इज एक्सचेंज.”

“व्हॉट इज धिस? गेट ऑफ द लाइन.”

“सर, आय विल नॉट गेट ऑफ. पीपल आर गोइंग टु बर्न हाउसेस. आय ॲम हिअरिंग इट नाऊ.” आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, ओढ्यावर पूल कुठं आहे ते सांगितलं.

तिकडून, “हू आर यू?”

“ऑपरेटर, सर. माय मदर इज देअर.”

मी त्यांना विचारलं होतं, इंग्रजीत का बोललात? ते साहेब तर मराठीच होते. मला वाटलं, इंग्रजीनं वजन पडतं असं काही त्या म्हणतील. त्या म्हणाल्या, “मराठीत बोलले असते तर रडले असते. इंग्रजीत मला रडता येत न्हाई.”

साहेबांनी मुंबईचा फोन ठेवला आणि जवळच्या नाक्यावरची पोलिसांची गाडी तिकडं पाठवली. ताईंनी मग गावाची लाइन कानाला लावली आणि ती काढली नाही. तो टाकलेला रिसीव्हर पोस्टाच्या भिंतीवर आपटत होता आणि त्याच्यातून त्यांचं गाव ऐकू येत होतं. शेजारच्या ऑपरेटरनं त्यांचे बाकीचे कॉल घेतले. किती वेळ, ते त्यांनाही माहीत नव्हतं. गाडीचं इंजिन आणि शिट्ट्या ऐकू आल्यावर त्यांनी बोर्डात खोचलेली त्या लाइनची दोरी उपटली.

बरीच घरं जळाली. माणसं वाचली. ताईंची आई आणि भाऊ बाकीच्यांबरोबर बोरी-बाभळींत लपले होते. तिसऱ्या दिवशी आई परभणीला आली, अंगावरच्या लुगड्यानिशी. खालांनी आपल्या पेटीतून दोन साड्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, “आपा, रंग पसंद नही आया तो बोलना.” म्हातारी पहिल्यांदा तेव्हा रडली.

दोन-तीन दिवसांनी ताई ड्यूटीवरून एक कागद घेऊन आल्या. नियमाप्रमाणे त्यांना लेखी खुलासा मागितला होता. त्यांचे वरिष्ठ निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. “मला विचारावं तर लागतंय, बाई,” असं म्हणून त्यांनी कागद पुढं केला होता. उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. म्हातारी भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती. मी उत्साहानं सुरुवात केली, विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु स्टेट, अशी. ताईंनी वही माझ्या हातून घेतली.

“बेग म्हणजे भीक ना?”

“तसं लिहायची पद्धत आहे.”

“असू दे पद्धत.”

त्यांनी स्वतः लिहिलं. दोन वाक्यं झाली. आय इंटरप्टेड द कॉल. आय वॉज ऑन ड्यूटी. मी सुचवलं, शेवटी सॉरी लिहा, पुन्हा होणार नाही असं लिहा, म्हणजे प्रकरण मिटेल. दिवसातून शंभरदा त्या कुणाला ना कुणाला सॉरी म्हणत. त्या पेन हातात धरून बसून राहिल्या. मग मला विचारलं, “पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन, हे कसं लिहितेत?”

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. इफ सच टाइम कम्स, आय विल डू इट अगेन. खाली सही केली, ए. जोंधळे. वरिष्ठांनी कागद वाचला, घडी घातली, फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, “इंग्रजी सुधारलंय, बाई, तुमचं.” पुढं त्याचं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी माझे वडील मला न्यायला आले. कुणाच्यातरी जीपनं आले होते. ओट्यावर त्यांना ताईंची आई दिसली. त्यांनी विचारलं, “कुठल्या, बाई?” म्हातारीनं गाव सांगितलं. वडील ओट्याच्या कडेला बसले. ते त्यांच्या मेहुण्याचं गाव होतं. ताईंनी आतून चहा आणला. बशीत कप, कपाला टवका नाही असा शोधून आणलेला. वडिलांनी कप हातात घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि बघू नये असंही वाटत होतं. ते चहा प्यायले. सगळा प्यायले, पण मान वर न करता. कप खाली ठेवून म्हणाले, “इमल, कपडे बांध. कॉलेज सुरू झालं की येशील.”

मी कपडे बांधले. जाताना मला ताईंना काहीतरी म्हणायचं होतं. मराठीत म्हणायचं होतं, तीही माझीच भाषा, पण मला एकही वाक्य सुचलं नाही. ताईच म्हणाल्या, “डिक्शनरी ठेवून जा. तू येणारच हायस, परत देते म्हणायची गरज न्हाई ना?”

दिवाळीनंतर मी परत आले, तेव्हा ताईंची आई आणि भाऊ गावी गेले होते. छपरासाठी सरकारी पत्रे मिळाले होते. भाऊ घर बांधत होता. मी त्या सुट्टीत मामाकडे गेले नव्हते. माझी आई म्हणाली होती, जाऊन ये. मी डोकं दुखतंय म्हटलं. माझा मामेभाऊ तेव्हा विशीचा, अंगानं दांडगा, सगळ्यात पुढं असणारा. त्या दिवशी तो कुठं होता हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही.

ताईंना मात्र एकदा विचारलं. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतो. मी मान खाली घालूनच म्हटलं, “ताई, त्या दिवशी लाइनवर तुम्ही आवाज ओळखले असतील.”

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“ओळखले.”

मी वाट बघितली. मला वाटलं, आता त्या नाव घेतील, आणि एकदाचं होऊन जाईल. त्या उठल्या. “चहा ठेवते,” म्हणाल्या. “तू घेशील ना?”

मी हो म्हटलं. त्यांनी मला वाचवलं की त्यांचा जुना नियम पाळला, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी माझं ओझं कमी झालं नाही, एवढं खरं.

त्या घटनेनंतर कित्येक दिवस ताई दुपारच्या लाइनवर बोलत नव्हत्या. मिस सॅम्युअल लाइनवर यायची, विचारायची, “अनु, खिडकीत काय आहे?” ताईंना शब्द मिळायचे नाहीत. मिस सॅम्युअलनं एकदाच विचारलं, काय झालं. मग कधीच विचारलं नाही. ती रोज अडीचला लाइन जोडायची आणि गप्प बसायची. तिकडं तिचा पंखा ऐकू यायचा, इकडं यांचा. शेकडो मैलांवर दोन बायका कानाला वायर लावून काही न बोलता बसलेल्या. एक दिवस ताई आपणहून म्हणाल्या, “वन स्क्विरल.” तिकडून, त्यांनी मला सांगितलं, खुर्ची वाजली.

जानेवारीत मिस सॅम्युअलची बदली झाली. कुठं, ते कळलं नाही. एका दुपारी नवाच आवाज आला आणि म्हणाला, “हैदराबाद. येस?” ताईंनी चौकशी केली, इतर बोर्डांना विचारलं. कुणी म्हणे विजयवाडा, कुणी म्हणे नोकरी सोडली. ताईंनी तिचा पत्ता कधी घेतला नव्हता. लागेल असं वाटलंच नव्हतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निबंधात माय हॉबी होता. मी दीड पान बागकामावर लिहिलं. बाहेर आल्यावर ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांनी दुसरा विषय घेतला, रेनी सीझन. निकालात त्यांना इंग्रजीत माझ्यापेक्षा बारा मार्क कमी होते. पास होत्या. गुणपत्रिका त्यांनी दोनदा वाचली, घडी केली आणि पेटीत, कॅलेंडरच्या पानांवर ठेवली.

दुसऱ्या वर्षी मला हॉस्टेलवर जागा मिळाली, तिसऱ्या वर्षी माझं लग्न ठरलं. आम्ही पत्रं लिहायचं ठरवलं, काही लिहिलीही. त्यांची पत्रं आखूड, इंग्रजीत, तारेसारखी. मदर इज वेल. ब्रदर हॅज अ डॉटर. आय पास्ड सेकंड इयर इन थर्ड अटेम्प्ट. मग माझ्या बाजूनं पत्रं कमी झाली. बी.ए. त्यांनी कधीतरी पुरं केलं, एवढं खालांच्या मुलाकडून कळलं होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. मी माहेरी जायला परभणीहून जिंतूरच्या बसमध्ये बसले होते. फेब्रुवारीचे दिवस, सकाळची आठ-साडेआठची वेळ, दोन्ही बाजूंना करडई फुललेली. गाव मागं पडल्यावर रस्ता मोकळा झाला आणि पुढं एक सायकल दिसली. लेडीज सायकल, नवी कोरी. वर पांढऱ्या साडीतली एक उंच बाई, पदर कमरेला खोचलेला. बस जवळ गेली आणि मी त्यांना ओळखलं. अंबाड्यात आता पांढरं बरंच होतं. त्या पस्तिशीच्या पुढं गेल्या होत्या, आणि सायकल त्यांना अजून नीट येत नव्हती. हँडल डुलत होतं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि बस बाजूनं काढली. मी खिडकीची काच सरकवायला लागले. ती अडकलेली होती. तेवढ्यात ताईंनी हँडलवरचा उजवा हात काढला. कुणाला दाखवायला नाही, रस्त्यावर कुणी नव्हतंच. नुसता काढला आणि थोडा वर धरला. सायकल डगमगली. त्यांनी हात परत ठेवला. पुन्हा काढला.

“ती बाई पडती बघा आता,” मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला.

मी हाक मारली नाही. माझ्या आवाजानं त्या खरंच पडल्या असत्या. मुलाला मांडीवरून उतरवून मी मागच्या काचेपाशी गेले आणि उभी राहिले. धूळ होती, करडईचा पिवळा पट्टा होता, आणि मध्ये ती सायकल लहान लहान होत चालली होती. हात वरच होता. रस्ता वळेपर्यंत तरी त्या पडल्या नव्हत्या.